सह्याद्रीचा धनेश आणि जुन्या झाडांच्या ढोल्या

(पुणे येथील सदाशिव पेठेत शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सदाशिव पेठेत एका चौकाला चिमण्या गणपतीचे नाव आहे. तेथून जवळच नागनाथ पार आहे. पानिपतच्या रणात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसलेल्या या पेठेत आज चोहीकडे इमारती आहेत; परंतु तिच्या खुणेच्या जागांपैकी एकीला पाखराचे नाव असावे आणि दुसरीला झाडाभोवतीच्या पाराचे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शहर वसविणाऱ्यांनी घरे बांधली, विहिरी व हौद बांधले, तसेच पिंपळ, वड आणि औदुंबर यांना पार बांधले. झाड ही त्यांच्या दृष्टीने वस्तीतील एक मान्य आणि कायमची रहिवासी होती.

या जुन्या झाडांच्या आश्रयाने पुण्यात टिकून राहिलेला एक पक्षी म्हणजे राखी धनेश. घारीएवढा, राखाडी रंगाचा, लांब शेपटीचा आणि बाकदार मोठ्या चोचीचा हा पक्षी एम्प्रेस बाग, विद्यापीठाचे आवार आणि टेकड्यांच्या पायथ्याच्या झाडीत आजही दिसतो. वड-पिंपळाला फळे धरली की जोडीने किंवा लहान थव्याने तो त्यांवर उतरतो. काही वेळा पंख मारीत व काही वेळा तरंगत, वरखाली होत जाणारे त्याचे उड्डाण एकदा ओळखता आले की पुन्हा विसरत नाही. पुष्कळ पुणेकरांनी तो पाहिलेला असतो. मात्र त्याचे नाव, त्याचे कूळ आणि त्याची राहणी यांची माहिती फार थोड्यांना असते.

हा राखी धनेश ज्या कुळातला आहे, त्या कुळाचा खरा थाट पाहावयाचा तर घाट उतरून कोकणात, सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलात जावे लागते.

महाराष्ट्रातील चार धनेश

भारतात धनेशांच्या ९ जाती आढळतात. त्यांपैकी ४ महाराष्ट्रात आहेत. पहिला राखी धनेश. तो मैदानी प्रदेशात, विरळ झाडीत आणि शहरांतही राहतो. दुसरा मलबारी राखी धनेश. तो केवळ पश्चिम घाटातच सापडतो. जगात अन्यत्र कोठेही नाही. त्याच्या चोचीवर शिंगासारखा उंचवटा नसतो आणि त्याचा आवाज एखाद्याने मोठ्याने खिदळावे तसा रानात घुमतो. तिसरा मलबारी कवड्या धनेश. काळ्या-पांढऱ्या पिसांचा आणि पिवळट चोचीवर काळा डाग असलेले टोप मिरविणारा हा पक्षी घारीपेक्षा मोठा असतो. कोकणात त्याला ककणेर म्हणतात. चौथा आणि सर्वांत भव्य तो महाधनेश. कोकणातील लोक त्याला गरुड किंवा माडगरुड या नावांनी ओळखतात.

महाधनेशाची लांबी सुमारे ९५ ते १२० सेंटिमीटर असते. पंख पसरले म्हणजे त्यांचा विस्तार दीड मीटरच्या घरात जातो. काळे अंग, पांढरी मान, पांढरी शेपटी व तीवर काळा आडवा पट्टा, आणि केशरी-पिवळी प्रचंड चोच असे त्याचे रूप आहे. चोचीवरचे शिरस्त्राणासारखे टोप दिसायला जड वाटते, पण ते आतून पोकळ असते. नराचे डोळे लाल व मादीचे पांढुरके असतात, त्यावरून दोघांची ओळख पटते. या पक्ष्याच्या मानेवर व पंखांवर दिसणारा पिवळा रंग मुळात पिसांचा नसतो. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतून पिवळसर तेल स्रवते. पक्षी चोचीने ते तेल पिसांना आणि टोपाला चोळतो आणि त्यामुळे तो रंग चढतो.

एवढ्या मोठ्या चोचीचा भार पेलण्यासाठी निसर्गाने या कुळाला एक खास सोय दिली आहे. धनेशांच्या मानेतील पहिले दोन मणके एकमेकांशी जुळलेले असतात. जीभ मात्र आखूड असते. त्यामुळे चोचीच्या टोकात पकडलेले फळ तिला घशापर्यंत नेता येत नाही. पक्षी मान वर झटकून फळ हवेत उडवितो आणि ते नेमके घशात झेलतो. महाधनेश उडू लागला की त्याच्या पंखांचा आवाज दुरूनही ऐकू येतो. पिसांच्या बुडाशी हवा अडविणारी लहान पिसे नसल्याने हवा मोठ्या पिसांमधून निसटते व तो घोंघावणारा आवाज होतो. रानात काम करणाऱ्या माणसाला पक्षी दिसण्यापूर्वी त्याची चाहूल लागते ती या आवाजाने.

ढोलीतले बाळंतपण

धनेशाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या रूपापेक्षा त्याच्या संसारात आहे. सुतार पक्षी स्वतः लाकूड कोरून घर करतो. धनेशाला एवढी मोठी चोच असूनही ते काम जमत नाही. त्याला आयती ढोली लागते. जुन्या झाडाची फांदी वादळात मोडते, त्या जागी लाकूड कुजते, पावसाचे पाणी मुरते, आणि वर्षानुवर्षांनी खोडात पोकळी तयार होते. ही पोकळी महाधनेशासारख्या पक्ष्याला पुरेल इतकी ऐसपैस व्हायची, तर झाडाचे खोडही तितकेच घेरदार असावे लागते. म्हणजेच झाड पुष्कळ वयाचे असावे लागते.

हिवाळा सरता सरता महाधनेशाची जोडी अशी ढोली निवडते. मादी आत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपू लागते. स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, कुजक्या लाकडाचा भुगा हे तिचे लिंपणाचे साहित्य. काही जातींत नर बाहेरून मातीही आणून देतो. हे लिंपण वाळून कठीण होते आणि शेवटी उभी, अरुंद फट तेवढी शिल्लक राहते. त्या फटीतून नराची चोच आत येऊ शकते. साप, मुंगूस किंवा माकड यांना मात्र प्रवेश मिळत नाही.

आत गेल्यावर मादी १ किंवा २ अंडी घालते व ३८ ते ४० दिवस ती उबवते. याच काळात तिच्या पंखांची आणि शेपटीची मोठी पिसे एकदम गळून पडतात व नवी फुटतात. त्या दिवसांत तिला उडता येत नाही. तिचे आणि पिलाचे सारे पोषण नरावर अवलंबून असते. नर दिवसातून अनेकदा येतो. गळ्यात साठवून आणलेली फळे एकेक करून बाहेर काढतो आणि फटीतून मादीच्या चोचीत देतो. पिलू वाढू लागले म्हणजे फळांबरोबर सरडे, पाली, किडे, लहान पक्षी असा मांसाहारही पुरविला जातो. मादी विष्ठा व बिया फटीतून बाहेर टाकते, त्यामुळे ढोली स्वच्छ राहते.

पिलू काही आठवड्यांचे झाले की महाधनेशाची मादी लिंपण फोडून बाहेर येते. त्यानंतर पिलू आतून फट पुन्हा लिंपून घेते आणि आई-बाप दोघेही त्याला भरवितात. मादी आत गेल्यापासून पिलू उडून जाईपर्यंत साधारण चार महिने लोटतात. पहिला पाऊस पडण्याच्या सुमारास पिलू बाहेर पडते. पुढल्या वर्षी तीच जोडी बहुधा त्याच ढोलीकडे परत येते. अशी एकच ढोली पिढ्यान् पिढ्या वापरात राहिल्याची उदाहरणे आहेत.

या व्यवस्थेतील धोकाही उघड आहे. जानेवारी ते मे हाच धनेशाचा विणीचा काळ आणि हाच आपल्याकडे झाडे तोडण्याचा, लाकूड वाहून नेण्याचा, रानातून रस्ते काढण्याचा काळ. पावसाळ्यात रानात गाडी जात नाही, म्हणून तोड उन्हाळ्यात होते. त्या दिवसांत ढोलीचे झाड पडले तर आतल्या मादीला उडून जाता येत नाही, कारण तिचे पंख झडलेले असतात. नराची शिकार झाली तर आतले कुटुंब उपाशी पडते. बंदुकीच्या एका गोळीने किंवा करवतीच्या एका कापाने येथे अख्खे घर बसते.

उंबराचे फूल आणि रानाची पेरणी

धनेशाचा मुख्य आहार फळांचा, आणि त्यातही वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रुक या उंबरकुळातील झाडांच्या फळांचा. एखादी गोष्ट फारच दुर्मीळ असली म्हणजे तिला मराठीत उंबराचे फूल म्हणतात. उंबराला फूल नसते असे मात्र नाही. ज्याला आपण उंबर म्हणतो त्याच्या आतच शेकडो बारीक फुले दडलेली असतात. एक अत्यंत चिमुकली गांधीलमाशी वरच्या छिद्रातून आत शिरते, परागण करते आणि तेथेच आपली अंडी घालते. उंबरकुळातील झाड आणि त्याची गांधीलमाशी यांचे जीवन असे परस्परांत गुंतलेले असते.

या व्यवस्थेचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. गांधीलमाशीचे आयुष्य अल्प असल्याने तिला वर्षभर कोठे ना कोठे कोवळी फळे मिळावी लागतात. म्हणून एकाच रानातील वड किंवा उंबर सर्व एकाच वेळी फळत नाहीत. आज हा, महिन्याने तो, असे आळीपाळीने फळतात. आंबा, जांभूळ, करवंद यांचा हंगाम संपला तरी कुठला तरी वड लालबुंद फळांनी डवरलेला असतो. या फळांत चुना भरपूर असतो. अंडी घालणाऱ्या मादीला आणि हाडे धरणाऱ्या पिलाला तो उपयोगी पडतो. धनेश, हरियाल, तांबट, बुलबुल, शेकरू, वटवाघळे व माकडे हे सर्व दुष्काळी दिवसांत या झाडांवर तग धरतात. शिवारातला एक म्हातारा वड म्हणजे रानाचे धान्यकोठार होय.

धनेश या कोठारातून नुसता घेत नाही. तो परतफेडही करतो. लहान पक्ष्यांना गिळता येत नाहीत अशी मोठ्या बियांची फळे तो सहज गिळतो. रानजायफळ, काळा धूप यांसारख्या झाडांच्या बिया त्याच्या पोटात चिरडल्या जात नाहीत. गर पचला की तो बी तोंडावाटे टाकून देतो. तोवर तो मूळ झाडापासून दूर गेलेला असतो. मूळ झाडाच्या सावलीत पडलेल्या बीपेक्षा दूर पडलेल्या बीला वाढण्याची संधी अधिक असते. काजऱ्याच्या विषारी बियांभोवतीचा गर धनेश खातो. पिवळ्या कण्हेरीची फळे माणसाला प्राणघातक असली तरी राखी धनेश ती पचवितो. विणीच्या ढोलीखाली तर बियांचा खच पडतो आणि पावसाळ्यात तेथे नाना जातींची रोपे उगवतात. पक्षिसंशोधक ढोली शोधताना वर पाहण्याआधी पुष्कळदा खाली जमिनीकडे पाहतात, ते याच कारणाने.

धनेश नाहीसा झाला तर रान लगेच नाहीसे होणार नाही. उभी झाडे उभीच राहतील. पण मोठ्या बियांच्या झाडांची नवी पिढी दूरवर पोचणार नाही. ही हानी एका माणसाच्या आयुष्यात डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते.

मुंबईचा विल्यम, पुण्याचे संशोधक

धनेशाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मुंबईतील कचेरीत १८९४ पासून १९२० पर्यंत, म्हणजे २६ वर्षे, एक महाधनेश वास्तव्यास होता. तो कारवारकडून आलेला होता व त्याचे नाव विल्यम असे ठेवले होते. कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी फेकलेली वस्तू चोचीत अचूक झेलण्यात तो पटाईत होता. पुढे याच पक्ष्याची आकृती संस्थेचे बोधचिन्ह झाली आणि संस्थेच्या मुंबईतील वास्तूलाही हॉर्नबिल हाउस हे नाव मिळाले. धनेशाला इंग्रजीत हॉर्नबिल म्हणतात.

पुण्याचा संबंध निराळ्या वाटेने येतो. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवराया पायी हिंडून पाहिल्या व त्यांची शास्त्रीय नोंद केली. देवाच्या नावाने राखलेले हे रानाचे तुकडे कोठे आहेत, त्यांत कोणती झाडे व वेली टिकून आहेत, गावाचे त्यांच्याशी कोणते नाते आहे, याची माहिती प्रथमच पद्धतशीरपणे पुढे आली. १९७६ व १९८१ मध्ये त्यांचे याविषयीचे लेख प्रसिद्ध झाले.

त्या काळातील एक हकीकत ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावी काळकाईची देवराई होती. तिच्यातील झाडे तोडण्याचे ठरले. पुण्याचे कोणी संशोधक देवरायांची पाहणी करीत आहेत, हे गावकऱ्यांच्या कानी आले होते. त्यांनी पत्र धाडून मदत मागितली. संशोधक गावात गेले. देवीचा कोप होईल एवढेच म्हणून गावकरी थांबले नाहीत. गावचा ओढा या राईतून उगम पावतो, राई गेली तर पाणी जाईल, हे त्यांचे म्हणणे होते. संशोधकांनी वनखात्याकडे शब्द टाकला, खात्याने तो मानला आणि राई वाचली. येथे श्रद्धा, अनुभव, विज्ञान आणि शासन ही चारही एका बाजूला उभी राहिली. कोणा एकट्याच्याने ते काम झाले नसते.

धनेशाच्या दृष्टीने देवराईचे मोल फार आहे. भोवतालची झाडी सरपणासाठी, कोळशासाठी, वीटभट्ट्यांसाठी तुटली, तरी राईतील बेहडा, सातवीण, आंबा, वड यांसारखी जुनी झाडे भयाने किंवा भक्तीने राखली गेली. ढोल्या उरल्या त्या तेथेच. संगमेश्वर-देवरुखच्या परिसरात देवळांच्या आवारातील झाडांवर धनेश दिसतात, ते यामुळेच.

बेहड्याचा हिशेब

रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील एक अडचण अशी, की तेथील बरेचसे रान खासगी मालकीचे आहे. अभयारण्याचे नियम तेथे लागू पडत नाहीत. सिंधुदुर्गातील तिळारीच्या खोऱ्याला २०२० साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु धनेश सरकारी हद्द पाहून उडत नाही. त्याची ढोली सरकारी रानात असेल, तर फळणारा वड कोणा शेतकऱ्याच्या बांधावर असेल. दोन्ही राहिली तरच तो राहील.

मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. मुलीचे लग्न निघते, घराचे छप्पर बदलायचे असते, आजारपण येते. अशा वेळी डोंगरावरची झाडे विकली जातात. ठेकेदार डोंगर उक्ता घेतो. ढोली असलेल्या पोकळ खोडाला फळ्यांसाठी किंमत नसते. ते जळाऊ लाकडाच्या भावाने जाते. शतकभर उभे राहिलेले झाड अशा रीतीने एका दिवसात चुलीत जाते, आणि मालकाच्या हाती पडणारी रक्कम वर्षभरही पुरत नाही. यात मालकाला दोष देऊन काही साधणार नाही. झाड उभे ठेवूनही त्याला काही मिळेल, अशी व्यवस्था हवी.

पुण्यातील अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वरच्या परिसरात या दिशेने केलेले काम उद्बोधक आहे. मलबारी कवड्या धनेश पुष्कळदा बेहड्याच्या ढोलीत वीण करतो. बेहड्याला संस्कृतात कलिद्रुम असे नाव आहे. लोकसमजुतीनेही त्याला फारसा मान नाही, त्यामुळे तो सहज तोडला जातो. पण बेहड्याचे फळ हे त्रिफळ्यातील तीन फळांपैकी एक आहे आणि औषधी उद्योगाला त्याची मागणी असते. झाडाला इजा न करता, काही फळे वन्य जीवांसाठी राखून, ती गोळा करावीत आणि फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या आधारे त्यांना रास्त भाव मिळवावा, असा हा उपक्रम आहे. झाड एकदा तोडून एकदाच पैसे घ्यायचे, की झाड राखून दरसाल फळांचे पैसे घ्यायचे, असा हिशेब गावकऱ्यांपुढे ठेवला गेला. शेतकऱ्याला हा हिशेब कळतो, कारण आंबा आणि फणस यांच्याबाबतीत तो पिढ्यान् पिढ्या हाच हिशेब करीत आला आहे.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, अरुणाचल प्रदेशातील पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातही असेच घडले. तेथील न्यिशी समाजात पुरुषांच्या शिरोभूषणावर धनेशाची चोच लावण्याची परंपरा आहे. चोचीच्या कृत्रिम प्रतिकृती आल्या आणि परंपरा न मोडता पक्षी वाचविण्याचा मार्ग निघाला. पुढे ढोली दत्तक योजना सुरू झाली. शहरातील नागरिक वर्गणी देतात आणि गावातील माणसे ढोल्यांची राखण करतात. त्या राखणदारांत पूर्वी शिकार करणारेही आहेत. झाड कोठे आहे, नर कोणत्या वेळी येतो, हे शिकाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

गैरसमज आणि कायदा

धनेशाच्या चरबीचे तेल वातविकारावर गुणकारी असते, असा समज अजूनही काही ठिकाणी आहे. त्याला वैद्यकीय आधार नाही. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये धनेशाची शिकार करणे, त्याला पकडणे, त्याच्या अवयवांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. बाजारात कोणी असे तेल विकत असेल, तर वनविभागाला कळविणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. मात्र कायदा शिकाऱ्याला रोखतो. ढोली निर्माण करू शकत नाही. ते काम काळच करतो.

येथे वृक्षारोपणाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. रोपे लावणे चांगलेच आहे. परंतु एक म्हातारे झाड तोडून त्याच्या जागी दहा रोपे लावली म्हणजे भरपाई झाली, असे धनेशाच्या बाबतीत म्हणता येत नाही. आज लावलेल्या रोपात ढोली तयार होईपर्यंत लावणाऱ्याचा पणतू म्हातारा झालेला असेल. मधल्या काळात धनेशाने वीण कोठे करावी? म्हणून नवी झाडे लावणे आणि जुनी झाडे राखणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

शासनाने या बाबतीत काही साधने उपलब्ध करून दिली आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही कपाटात राहते. ती कपाटाबाहेर यावी. शहरांसाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा अधिनियम आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचे स्थान देण्यात आले. पुण्याच्या पेठांतून वाडे पाडून इमारती उठत असताना परसातले औदुंबर व पिंपळ यांचा विचार करताना या तरतुदीचे स्मरण ठेवावे.

गावाने काय करावे

पहिले काम नोंदीचे. गावच्या हद्दीत ढोली असलेली झाडे किती, वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक किती व कोठे, ती कोणाच्या मालकीची आहेत, हे ग्रामपंचायतीने नोंदवहीत लिहून घ्यावे. गुराखी, मधाचे पोळे काढणारे, रानात सरपणाला जाणाऱ्या स्त्रिया यांना ही माहिती असते. त्यांना विचारावे व त्यांची नावे नोंदीत सन्मानाने घालावीत. चोरट्या शिकारीचे भय असेल तेथे ढोलीचे नेमके ठिकाण बाहेर जाहीर करू नये.

दुसरे काम काळवेळ पाळण्याचे. तोडीची परवानगी मागितली गेली, रस्ता रुंद करायचा ठरला किंवा विजेची तार ओढायची असली, तर आखणीपूर्वी झाडांची पाहणी व्हावी. ढोलीत वीण चालू असल्यास पावसाळा लागेपर्यंत काम थांबवावे. आखणी चार हात सरकविल्याने एखादा वड वाचत असेल, तर ती सरकवावी. कागदावरची रेघ बदलण्यास एक दिवस लागतो. पार असलेला वड पुन्हा उभा राहण्यास शंभर वर्षे लागतात.

तिसरे काम शाळेचे. शिक्षकांनी मुलांकडून गावातील झाडांची फळदर्शिका करवून घ्यावी. कोणत्या महिन्यात कोणते झाड फळले, त्यावर कोणकोण पाखरे आली, एवढेच लिहावयाचे. त्यास खर्च नाही व साहित्यही लागत नाही. दोन-तीन वर्षांत अशा वहीतून गावाच्या रानाचे चित्र उभे राहते. ढोलीजवळ मात्र मुलांनी गर्दी करू नये. माणसे झाडाखाली घुटमळली तर नर ढोलीकडे येत नाही आणि आतली मादी व पिलू उपाशी राहतात. दूर, आडोशाला बसून पाहावे, आणि ढोलीचे छायाचित्र घेण्याचा हट्ट धरू नये.

चौथे काम रोपवाटिकेचे. वनीकरणाच्या यादीत झटपट वाढणाऱ्या झाडांबरोबर वड, उंबर, बेहडा, सातवीण, जांभूळ यांनाही जागा मिळावी. आज लावलेला उंबर दहा-पंधरा वर्षांत फळे देऊ लागेल आणि ढोलीची प्रतीक्षा करणाऱ्या पुढच्या पिढ्यांच्या धनेशांना निदान अन्न तरी पुरवील.

सदाशिव पेठेतील नागनाथ पाराशी आरंभ केला, त्याच पाराशी थांबणे योग्य होईल. झाडाला पार बांधणाऱ्या पूर्वजांनी धनेशाचा विचार केला असेल असे नव्हे. त्यांनी सावलीचा विचार केला, देवाचा केला, चार माणसांनी बसून बोलण्याचा केला. पण त्या पाराने झाड राखले, आणि झाडाने पाखरू राखले. आज पार बांधण्याचे काम ग्रामपंचायतीचा ठराव, अधिकाऱ्याचा शेरा आणि शाळेतील मुलांची वही यांनी करावयाचे आहे. कोकणातील एखाद्या वाडीवरून पहाटे माडगरुडाच्या पंखांचा घोंघाव ऐकू आला, तर त्या वाडीने आपले म्हातारे झाड अजून राखले आहे, असे खुशाल समजावे. तो आवाज आपल्या नातवंडांच्याही कानी पडावा, हे आज झाडाच्या अर्जावर सही करणाऱ्या हातांत आहे.